रोव्हरचे कॅमेरे: पाहणे आणि मोजणे

परग्रहावर किंवा चंद्रावर चालणाऱ्या रोव्हरचा कॅमेरा हे मुख्यतः मोजमापाचे उपकरण असते. समोरचा दगड किती दूर आहे, त्यावरून चाक जाईल की अडेल, उतार किती अंशांचा आहे, खडकाच्या रंगावरून त्यात कोणते खनिज असण्याचा संभव आहे, आकाशात आज धूळ किती आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांना चित्रांतूनच काढावी लागतात. वर्तमानपत्रांत छापून येणारी देखणी दृश्ये या कामातूनच मिळालेली असतात, आणि ती देखणी आहेत याचा आनंद मानायला हरकत नाही. पण कॅमेऱ्याची रचना ठरते ती मोजमापाच्या गरजेनुसार, आणि थंडी, धूळ, वजन व संदेशवहन यांनी घातलेल्या मर्यादांनुसार.

एका रोव्हरवर अनेक कॅमेरे असतात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या छोट्या सोजर्नरवर ते तीन होते. २००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या रोव्हरवर प्रत्येकी नऊ, २०१२ च्या क्युरिऑसिटीवर १७, तर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सच्या मोहिमेत २३ कॅमेरे होते. या २३ पैकी नऊ गाडी चालवण्यासाठी, सात विज्ञानासाठी आणि सात फक्त उतरण्याच्या काही मिनिटांसाठी. चालवण्यासाठीचे कॅमेरे आणि अभ्यासासाठीचे कॅमेरे ही विभागणी जवळपास प्रत्येक रोव्हरमध्ये सापडते.

चालवण्याच्या कॅमेऱ्यांचा इतिहास चंद्रावर सुरू होतो. सोव्हिएत संघाचा लुनोखोद-१ हा आठ चाकी रोव्हर नोव्हेंबर १९७० मध्ये चंद्रावर उतरला. त्याच्या पुढच्या बाजूला टेलिव्हिजन कॅमेरे होते आणि क्रिमियातील केंद्रात बसलेले चालक पडद्यावर पाहून त्याला हाकत. चित्र सलग दिसत नसे. साधारण २० सेकंदांनी एक स्थिर चित्र येई, आणि तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकलेली असे. संदेशाला चंद्रावरून यायला सव्वा सेकंद लागत असल्याने अशी ‘हाताने’ चालवलेली गाडी शक्य झाली, आणि लुनोखोद-१ ने सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर कापले. मंगळावर ही पद्धत चालत नाही. तिथून प्रकाशाला पृथ्वीवर यायला अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात. पृथ्वीवरच्या चालकाला खड्डा दिसेपर्यंत गाडी त्यात जाऊन पडलेली असेल. म्हणून मंगळावरच्या रोव्हरला एक तर आदल्या दिवशीच्या चित्रांवरून आखून दिलेला रस्ता लागतो, किंवा स्वतःच्या कॅमेऱ्यांतून स्वतः रस्ता शोधण्याची क्षमता.

हे काम करणारे कॅमेरे दोन जागी बसवलेले असतात. वर डोलकाठीसारख्या उभ्या खांबावर दिशादर्शक कॅमेऱ्यांची जोडी असते. ती चोहीकडे फिरवता येते आणि दूरवरचे पाहते. खाली, गाडीच्या पोटाजवळ, पुढे आणि मागे धोका टिपणारे कॅमेरे असतात. त्यांचे फिशआय भिंग फार रुंद पाहते. स्पिरिटवर त्याची रुंदी १२४ अंश होती, पर्सिव्हिअरन्सवर १३६ अंश आहे. चाकांसमोरचा दगड, हाताखालची जमीन, मागे वळताना येणारी कपार हे सारे त्यांच्या नजरेत येते. दोन्ही जागी कॅमेरे जोडीनेच असतात, कारण अंतर मोजायला दोन डोळे लागतात.

दोन डोळ्यांचे हे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण रोव्हरची बरीचशी बुद्धी त्यातच आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला की अंतर कळण्यात दुसऱ्या डोळ्याचा वाटा किती आहे हे लगेच कळते. डाव्या आणि उजव्या कॅमेऱ्याला एकच दगड किंचित वेगळ्या जागी दिसतो. दगड जवळ असेल तर दोन चित्रांतल्या त्याच्या जागांमध्ये फरक जास्त, दूर असेल तर कमी. हा फरक पिक्सेलमध्ये मोजला की अंतर काढता येते. स्पिरिटच्या दिशादर्शक कॅमेऱ्यांमध्ये २० सेंटिमीटर अंतर होते आणि १० मीटरवरच्या जमिनीचा सुमारे ८ मिलिमीटर रुंदीचा भाग एका पिक्सेलमध्ये मावे. १० मीटरवरच्या दगडाच्या दोन जागांमध्ये त्यामुळे साधारण २४ पिक्सेलचा फरक पडे. जुळवणीत एका पिक्सेलची चूक झाली तर अंतरात सुमारे ४० सेंटिमीटरची चूक. हाच दगड १०० मीटरवर असेल तर फरक उरतो जेमतेम अडीच पिक्सेल, आणि एका पिक्सेलच्या चुकीने अंतर ४० मीटरने चुकते. अंतर दहापट झाले की चूक शंभरपट होते. संगणक पिक्सेलच्याही अंशापर्यंत जुळवणी करत असल्याने प्रत्यक्षातली चूक याहून कमी असते, पण नियम तोच राहतो. दूरचा डोंगर चित्रात कितीही स्पष्ट दिसला तरी त्याच्या अंतराविषयी रोव्हरला फार थोडे सांगता येते.

यावर उपाय दोनच आहेत. दोन डोळे एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि पिक्सेल बारीक करायचे. पर्सिव्हिअरन्समध्ये दोन्ही केले आहे. त्याच्या दिशादर्शक कॅमेऱ्यांमधले अंतर ४२.४ सेंटिमीटर आहे आणि प्रत्येकाचे चित्र ५१२० गुणिले ३८४० पिक्सेलचे, म्हणजे सुमारे २ कोटी पिक्सेलचे असते. २५ मीटरवर पडलेला गोल्फच्या चेंडूएवढा गोटा त्यात ओळखता येतो. अशा जोडचित्रांतून संगणक जमिनीच्या चढउतारांचा नकाशा बनवतो आणि त्यावर सुरक्षित वाट आखतो. क्युरिऑसिटीला स्वतःच्या नजरेने वाट काढताना थांबून विचार करावा लागतो, त्यामुळे तो तासाला जेमतेम २० मीटर जातो. पर्सिव्हिअरन्सवर चित्रे तपासण्यासाठी वेगळा संगणक दिल्याने तो चालता चालता विचार करतो, आणि तासाला १२० मीटरपर्यंत जाऊ शकतो.

कॅमेऱ्याचे आणखी एक काम म्हणजे गाडी खरोखर पुढे गेली का, हे पाहणे. चाक किती वेळा फिरले यावरून अंतर काढले तर वाळूत फसगत होते, कारण चाक फिरत राहते आणि गाडी जागीच असते. ऑपॉर्च्युनिटी २००५ च्या एप्रिलमध्ये वाळूच्या एका उंचवट्यात अशीच रुतली आणि जूनमध्ये बाहेर आली. यासाठी रोव्हर थोडे अंतर गेल्यावर चित्र घेतो, आधीच्या चित्रातल्या खुणा नव्या चित्रात शोधतो आणि स्वतः किती सरकला ते काढतो. सपाट, एकसारख्या वाळूत खुणाच सापडत नाहीत. क्युरिऑसिटीच्या चाकांना म्हणून मुद्दाम भोके पाडलेली आहेत. चाक फिरले की वाळूत ठसे उमटतात आणि मागे वळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ठरावीक अंतरावरच्या खुणा मिळतात. ती भोके मोर्स लिपीत ‘जेपीएल’ ही अक्षरे लिहितात. हा रोव्हर बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची ती आद्याक्षरे.

आता चित्र टिपणाऱ्या चकतीकडे, म्हणजे संवेदकाकडे. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीच्या नवांपैकी प्रत्येक कॅमेऱ्यात सारखाच सीसीडी संवेदक होता. चित्र १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचे, म्हणजे दहा लाखांच्या जरा वर, आणि कृष्णधवल. संवेदकाचा अर्धा भाग झाकलेला असे. उघड्या भागावर चित्र उमटले की त्यातला विद्युतभार काही हजारांश सेकंदांत झाकलेल्या भागात सरकवला जाई आणि तिथून सावकाश वाचला जाई. यात उघडझाप करणाऱ्या यांत्रिक शटरची गरज राहिली नाही, आणि मोडण्यासारखा एक भाग कमी झाला. नऊही कॅमेऱ्यांत एकच संवेदक आणि एकच विद्युत-रचना वापरण्यामागेही हाच विचार होता. एकाच गोष्टीच्या चाचण्या कसून करायच्या आणि तीच सगळीकडे बसवायची.

क्युरिऑसिटीच्या खांबावरचे दोन मुख्य विज्ञान-कॅमेरे १६०० गुणिले १२०० पिक्सेलचे, म्हणजे २० लाख पिक्सेलच्या आतले आहेत. २०१२ साली खिशातल्या फोनमध्येही याहून जास्त पिक्सेल होते, आणि त्या वेळी जगभर लोकांनी याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. कारण साधे होते. या कॅमेऱ्यांचे प्रस्ताव २००४ साली मांडले गेले. निवडलेला प्रत्येक भाग थंडी, हादरे आणि विकिरण यांच्या चाचण्यांतून पार व्हायला वर्षे जातात. शिवाय या दोहोंसह चार विज्ञान-कॅमेऱ्यांत एकच संवेदक वापरायचा होता. आणि घेतलेले चित्र पृथ्वीवर पाठवता आले तरच त्याचा उपयोग. मोठे दृश्य हवे असेल तर कॅमेरा फिरवून अनेक चित्रे घ्यायची आणि जोडायची. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये क्युरिऑसिटीने अशी हजाराहून अधिक चित्रे घेतली आणि त्यांतून १८० कोटी पिक्सेलचे एक अखंड दृश्य तयार झाले. आजूबाजूला काही हलत नसेल, तर कमी पिक्सेलची उणीव अशी भरून निघते.

या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचे नाभीय अंतर ३४ मिलिमीटर आहे, दुसऱ्याचे १०० मिलिमीटर. पहिला रुंद दृश्य पाहतो. दुसऱ्याला एक किलोमीटरवरच्या खडकाचा सुमारे साडेसात सेंटिमीटरचा भाग एका पिक्सेलमध्ये दिसतो. दोन्ही डोळे सारखे नसल्याने त्यांची जोडचित्रे बनवणे किचकट होते. मूळ योजनेत दोन्हींना झूम भिंगे होती. ती २००७ साली खर्चामुळे वगळली गेली, पुढे पुन्हा हाती घेतली गेली आणि २०११ मध्ये चाचण्यांना वेळ उरला नाही म्हणून सोडून द्यावी लागली. हे स्वप्न पर्सिव्हिअरन्सवर पुरे झाले. त्याच्या मुख्य जोडीत २६ ते ११० मिलिमीटरपर्यंत झूम होणारी सारखीच भिंगे आहेत. संवेदक मात्र जुनाच, २० लाख पिक्सेलचा. तपासलेली वस्तू सहजासहजी बदलायची नाही, ही सावधगिरी इथे स्पष्ट दिसते, आणि ती योग्यच आहे.

झूम किंवा फोकसच्या मोटारीला वंगण लागते आणि ते मंगळाच्या थंडीत थिजते. तिथे रात्रीचे तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. मोटारी चालवण्याआधी त्या हीटरने तापवाव्या लागतात, आणि हीटरला वीज लागते. स्पिरिटच्या कॅमेऱ्यांतले विद्युतभागही उणे ५५ अंशांच्या वर आणल्याशिवाय वापरत नसत. त्या रोव्हरच्या मुख्य विज्ञान-कॅमेऱ्यांनी मोटारीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या भिंगाचे छिद्र इतके लहान ठेवले की दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही एकाच वेळी स्पष्ट दिसे. फोकस हलवण्याची गरजच उरली नाही. लहान छिद्रातून प्रकाश कमी येतो, आणि मंगळावर सूर्यप्रकाश आधीच पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. पण दगड जागचे हलत नसल्याने चित्र घ्यायला घाई नसते. थंडीचा एक फायदाही आहे. सीसीडीमध्ये उष्णतेने आपोआप जमणारा विद्युतभार थंडीत कमी होतो आणि चित्रातली खरखर घटते.

रंगाचा विषय सर्वांत नाजूक आहे. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ मंगळावर उतरले. ते रोव्हर नव्हते, एका जागी उभे राहणारे यान होते. त्याचे पहिले रंगीत चित्र प्रसिद्ध झाले तेव्हा मंगळाचे आकाश निळसर दिसत होते. रंगांचे मापन नीट तपासल्यावर ते पिवळट-गुलाबी असल्याचे कळले आणि चित्र दुरुस्त करावे लागले. तेव्हापासून एक धडा पक्का झाला. ज्याचा रंग आधीच मोजलेला आहे अशी वस्तू चित्रात असल्याखेरीज परक्या ग्रहावरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही.

म्हणून मंगळ-रोव्हरच्या पाठीवर बहुधा रंगीत आणि करड्या तुकड्यांची एक तबकडी असते. ‘कॅलिब्रेशन’साठी कॅमेरा तिच्याकडे पाहतो आणि त्या दिवशीच्या उजेडाचा हिशेब लावतो. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीवरच्या तबकडीच्या मध्यभागी एक छोटी काठी उभी होती. तिच्या सावलीत थेट सूर्यप्रकाश पोचत नसे, फक्त आकाशाचा उजेड पडे, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या प्रकाशाचा वाटा वेगळा मोजता येई. त्या काठीमुळे तबकडी सूर्यघड्याळासारखी दिसे, म्हणून तिच्यावर तशीच सजावट करून मंगळ हे नाव अनेक भाषांत कोरले होते. मंगळाच्या धुळीत लोहयुक्त, चुंबकाला चिकटणारे कण असतात. त्यामुळे क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सच्या तबकड्यांत रंगांच्या तुकड्यांखाली गोल चुंबक बसवले आहेत. धूळ चुंबकाच्या कडेला ओढली जाते आणि मधला भाग बराचसा स्वच्छ राहतो.

रंग टिपण्याच्या दोन पद्धती आहेत. साध्या डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकाच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक बारीक फिल्टर असतो आणि उरलेले रंग शेजारच्या पिक्सेलवरून काढले जातात. क्युरिऑसिटीचे मुख्य कॅमेरे असे आहेत. स्पिरिटच्या मुख्य कॅमेऱ्यात मात्र कृष्णधवल संवेदकासमोर आठ फिल्टरांचे एक चाक फिरे आणि प्रत्येक फिल्टरमधून स्वतंत्र चित्र घेतले जाई. तीन चित्रे एकत्र केली की रंगीत दृश्य तयार होई. हे सावकाश काम असले तरी त्यातून मिळणारी माहिती जास्त. हे फिल्टर सुमारे ४०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही पाहत. लोहयुक्त खनिजे नेमकी या पट्ट्यात वेगवेगळ्या प्रमाणात प्रकाश शोषतात. डोळ्याला सारखेच तांबूस दिसणारे दोन खडक अवरक्तात निराळे निघू शकतात. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्सवर बारीक रंगीत संवेदक आणि फिल्टरांचे चाक असे दोन्ही आहेत.

मंगळाची चित्रे बहुधा दोन रूपांत प्रसिद्ध होतात. एकात तिथल्या धुळकट उजेडातले पिवळट-तपकिरी रंग तसेच ठेवलेले असतात. दुसऱ्यात उजेड पृथ्वीवरच्यासारखा गृहीत धरून रंग बदललेले असतात, कारण भूशास्त्रज्ञांची नजर पृथ्वीवरचे खडक पाहून तयार झालेली असते आणि त्या उजेडात त्यांना बेसॉल्ट किंवा वालुकाश्म चटकन ओळखू येतो. दोन्ही रूपे प्रामाणिक आहेत, पण आपण कोणते पाहत आहोत हे वाचकाला सांगितले गेले पाहिजे. छापील मजकुरात ते नेहमीच सांगितलेले नसते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सूर्याकडे थेट पाहण्यासाठीही फिल्टर असतात. त्यांतून दिसणारा सूर्य किती मंद झाला यावरून हवेतली धूळ मोजली जाते. १० जून २०१८ रोजी ऑपॉर्च्युनिटीने मोजलेली धुळीची अपारदर्शकता १०.८ होती, म्हणजे थेट सूर्यप्रकाश जवळपास पूर्णपणे झाकला गेला होता. सौरपट्ट्यांवर चालणाऱ्या त्या रोव्हरकडून त्यानंतर संदेश आला नाही.

रोव्हरच्या हाताच्या टोकाला जवळून पाहणारा कॅमेरा असतो. ऑपॉर्च्युनिटीचा असा कॅमेरा ३१ मिलिमीटर रुंदीचा चौकोन पाही आणि एक पिक्सेल ३० मायक्रॉनचा असे. त्याचा फोकस बदलता येत नसे, त्यामुळे हात थोडा थोडा पुढे सरकवत अनेक चित्रे घेतली जात आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग निवडला जाई. मेरिडियानी मैदानात विखुरलेले काही मिलिमीटरचे गोल खडे याच कॅमेऱ्याने दाखवले. ते खडे हेमटाइट या लोहखनिजाचे निघाले, आणि तिथल्या खडकांतून कधीकाळी पाणी झिरपले होते या निष्कर्षाला त्यांनी मोठा आधार दिला. क्युरिऑसिटीचा हातावरचा कॅमेरा रंगीत आहे. तो २१ मिलिमीटरपासून अनंत अंतरापर्यंत फोकस करतो आणि जवळून १४ मायक्रॉनचा तपशील दाखवतो. रात्री पाहण्यासाठी त्याच्याभोवती पांढरे आणि अतिनील दिवे आहेत. त्याच्या कॅलिब्रेशन-पट्टीवर १९०९ सालचे एक अमेरिकी सेंटचे नाणे बसवले आहे. भूशास्त्रज्ञ खडकाचे छायाचित्र घेताना मापासाठी शेजारी नाणे ठेवतात, ती प्रथा तिथेही पाळली गेली. रोव्हरची ‘सेल्फी’ याच कॅमेऱ्याची. हात वेगवेगळ्या जागी नेऊन डझनावारी चित्रे घेतात आणि हात जिथे दिसत नाही असे भाग जोडतात.

चित्र घेतले की खरी अडचण सुरू होते. पर्सिव्हिअरन्सच्या दिशादर्शक कॅमेऱ्याचे एक पूर्ण चित्र दर पिक्सेलला ८ बिट धरले तरी सुमारे १५७ मेगाबिटचे होते. क्युरिऑसिटीसारखा रोव्हर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाकडे एका आठ मिनिटांच्या भेटीत साधारण १०० ते २५० मेगाबिट पाठवू शकतो, आणि तेवढीच माहिती थेट पृथ्वीकडे पाठवायला २० तासांपर्यंत वेळ लागेल. त्यात सर्व उपकरणांचा वाटा असतो. म्हणून आधी टपाल तिकिटाएवढी छोटी चित्रे येतात. ती पाहून शास्त्रज्ञ ठरवतात की कोणते चित्र पूर्ण मागवायचे. तोवर मूळ चित्र कॅमेऱ्याच्या साठवणीत थांबते. क्युरिऑसिटीच्या मुख्य कॅमेऱ्यांना त्यासाठी प्रत्येकी ८ गिगाबाइट जागा दिली आहे. पाठवण्याआधी चित्र दाबून लहान केले जाते. मंगळ-रोव्हरसाठी बनवलेली ‘आयसर’ ही पद्धत चित्र स्वतंत्र भागांत बांधते. त्यामुळे वाटेत एक भाग हरवला तरी बाकीचे चित्र शाबूत राहते.

पर्सिव्हिअरन्सच्या मुख्य संगणकाला तर २ कोटी पिक्सेलचे चित्र एका दमात घेताच येत नाही, कारण त्याची रचना जुन्या, लहान चित्रांसाठी झालेली आहे. त्यामुळे कॅमेरा ते १२८० गुणिले ९६० पिक्सेलच्या १६ तुकड्यांत देतो, किंवा पूर्ण दृश्य लहान करून देतो.

उतरण्यासाठीच्या सात कॅमेऱ्यांपैकी बहुतेक बाजारात मिळणाऱ्या प्रकारचे होते. त्यांनी पॅराशूट उघडताना, खाली धूळ उडताना आणि दोरांनी रोव्हर सोडला जाताना चित्रण केले. सातवा कॅमेरा मात्र गाडीच्या जिवाशी बांधलेला होता. तो खालच्या जमिनीची चित्रे घेऊन ती संगणकातल्या नकाशाशी जुळवत होता आणि यान नेमके कुठे आहे हे सांगत होता. कडे आणि दगडांनी भरलेले जेझेरो विवर उतरण्यासाठी निवडता आले ते या जुळवणीमुळेच.

चंद्रावर परिस्थिती वेगळी असते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण गोलार्धात सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरले आणि त्यातून २६ किलोचा, सहा चाकी प्रज्ञान रोव्हर बाहेर आला. त्या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. हवा नसल्याने सावलीत आकाशाचा उजेड पोचत नाही आणि ती जवळजवळ काळी दिसते. प्रज्ञानच्या पुढच्या बाजूला बेंगळुरूच्या इस्रोच्या विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेने बनवलेल्या दोन दिशादर्शक कॅमेऱ्यांची जोडी होती. तिची चित्रे विक्रम या चंद्रावर उतरलेल्या यानाच्या मार्फत पृथ्वीवर येत, त्यांतून जमिनीच्या उंचीचा नकाशा तयार होई आणि मग पुढची आज्ञा जाई. हा नकाशा जास्तीत जास्त पाच मीटरपर्यंतचाच मिळे, म्हणून एका आज्ञेत प्रज्ञान तेवढाच चाले. २७ ऑगस्टला तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचे विवर दिसले, तेव्हा त्याला आल्या वाटेने मागे फिरवून दुसरी वाट दिली गेली. ३० ऑगस्टला याच कॅमेऱ्यांनी विक्रमचे छायाचित्र घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इस्रोने डाव्या आणि उजव्या कॅमेऱ्याच्या चित्रांपासून बनवलेले त्रिमितीय चित्र प्रसिद्ध केले. त्यात डावे चित्र लाल रंगात आणि उजवे निळ्या-हिरव्या रंगांत छापलेले आहे. लाल आणि निळसर काचांच्या चष्म्यातून पाहिले की प्रत्येक डोळ्याला आपापल्या कॅमेऱ्याचेच चित्र दिसते आणि विक्रम, त्याचा उतरंडीचा फलक व आजूबाजूचे दगड आपापल्या अंतरावर उभे राहतात. चित्रांवरची प्रक्रिया अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात झाली.